जरा कमी करा, काकू: पडण्याच्या भीतीने ताठलेल्या शरीराचं एक प्रकरण

या प्रकरणातल्या बाई ७६ वर्षांच्या आहेत. निवृत्त शिक्षिका, मुलगा-सुनेबरोबर राहतात. मी घेते त्या हालचालींच्या वर्गात सगळे त्यांना काकू म्हणतात, म्हणून इथेही काकूच. वर्गात येण्याच्या आठ महिने आधी रात्री बाथरूमला जायला उठल्या आणि पडल्या. सावरायला हात पुढे गेला, मनगट मोडलं. यथावकाश प्लास्टर निघालं, हाड नीट जुळलं, मूठ वळायला लागली. कागदोपत्री काकू बऱ्या झाल्या. चालणं मात्र दिवसेंदिवस आक्रसत गेलं. आधी संध्याकाळचा फेरफटका बंद झाला, मग एकटीने जिना उतरणं बंद झालं, आणि पुढे घरातल्या घरातसुद्धा खुर्चीची पाठ, टेबलाची कड, भिंत असं काही ना काही धरूनच त्या चालायला लागल्या. सून त्यांना घेऊन आली तेव्हा म्हणाली, "पायात काही दोष नाही म्हणतात. मग आईंना चालता का येत नाही?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि ज्येष्ठांसाठी हळुवार हालचालींचा वर्ग घेते. या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे दिसलं ते सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं, कारण काकूंसारखी माणसं घरोघरी आहेत. त्यांना बहुतेकदा दोनच सल्ले मिळतात: "जपून, बसून राहा" किंवा "रोज चालत जा, धीर धरा". काकूंना दोन्ही मिळाले होते आणि दोन्हींचा उपयोग झाला नव्हता. त्यांच्या पायात ताकद कमी होती हे खरं. पण जी होती तिच्यातली बरीचशी स्वतःला घट्ट धरून ठेवण्यात खर्ची पडत होती, आणि ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

वर्गाआधीची तपासणी

पडलेल्या माणसाला थेट वर्गात बसवायचं नाही, हा माझा नियम आहे. का पडलं हे आधी डॉक्टरांनी पाहायला हवं. झोपून आणि उभं राहून रक्तदाब मोजणं ही साधी गोष्ट, पण बरेचदा राहून जाते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. काकूंच्या बाबतीत तसं निघालं नाही. झोपेची गोळी मात्र निघाली, कित्येक वर्षं चालू असलेली. रात्री उठलं की या गोळीची गुंगी पायात उतरते. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करत बंद केली. चष्मा दुहेरी काचेचा होता. त्याच्या खालच्या भागातून पायाजवळची पायरी धूसर दिसते, कारण तो भाग वाचनासाठी असतो. चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला. हाडांची घनता कमी होती. त्यावर औषध सुरू झालं आणि मला एक मर्यादा कळली: कंबरेतून गोल वाकून पीळ देण्याची कुठलीही हालचाल यांना द्यायची नाही. ठिसूळ मणक्यावर असा भार पडला तर मणका दबू शकतो.

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगते आहे ते पुढे श्रेय कुणाला द्यायचं हा प्रश्न येतो म्हणून.

पहिल्या दिवशी काय दिसलं

आधी मोजमापं. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला मानतात. काकूंना १८ लागले. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीतून पूर्ण उभं राहायचं. त्यांच्या वयाच्या बाईला दहापेक्षा कमी वेळा जमलं तर ते कमी धरतात. त्यांना सहा वेळा जमलं. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावून १० सेकंद उभं राहता यायला हवं. चौथ्या सेकंदालाच हात भिंतीकडे गेला. भीती मोजायची १६ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, तिचे गुण १६ ते ६४ मध्ये येतात आणि जितके जास्त तितकी भीती जास्त. काकूंचे ४१ आले.

आकड्यांपेक्षा मला जास्त सांगितलं ते त्यांच्या उठण्याने. खुर्चीतून उठायचं म्हटल्यावर आधी ओठ मिटले, श्वास थांबला, खांदे कानांकडे गेले. हनुवटी वर आणि पाठ सरळ ठेवून त्या थेट वरच्या दिशेने उठायला बघत होत्या. डोकं पायांच्या पुढे येतच नव्हतं, त्यामुळे वजन मागेच राहायचं आणि दोनदा त्या धपकन परत बसल्या. चालताना नजर स्वतःच्या पावलांसमोर खिळलेली, दोन्ही हात अंगापासून जरा दूर, फासळ्यांचा पिंजरा अजिबात न हलणारा. चपलेत पाहिलं तर पायाची बोटं आत वळवून जमीन पकडल्यासारखी. मी चालता चालता विचारलं, "काकू, शाळेत कुठला विषय शिकवायचात?" त्या थांबल्या. मग उत्तर दिलं, "भूगोल", आणि पुन्हा चालायला लागल्या.

हे थांबणं महत्त्वाचं आहे. बोलताना चालणं थांबवणारी वृद्ध माणसं पुढच्या काही महिन्यांत जास्त पडतात, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं. चालणं आपोआप होईनासं झालं, त्यावर सगळं लक्ष द्यावं लागलं, की दुसऱ्या कशासाठी लक्ष उरतच नाही. आणि घरात कुणीतरी हाक मारणारच, फोन वाजणारच.

भीतीने माणूस ताठ होतो हे नैसर्गिक आहे. पण तोल म्हणजे एका जागी घट्ट उभं राहणं नसतं. शांत उभ्या असलेल्या माणसाचं शरीरही सतत किंचित झुलत असतं, घोट्यात आणि नितंबाच्या सांध्यात बारीक दुरुस्त्या चालू असतात. तळपायांच्या कातडीतून, सांध्यांतून, कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधून आणि डोळ्यांतून सारखी खबर येत असते. शरीर ताठ केलं की दुरुस्तीला वाव उरत नाही. डोळे जमिनीवर खिळले की मान गोठते आणि डोक्याच्या हालचालीवर चालणारी कानातली यंत्रणाही उपाशी राहते. जी गोष्ट काकू पडू नये म्हणून करत होत्या, तीच त्यांना पाडायला टपली होती.

वर्गाची रीत

आमच्या वर्गाचा पाया मोशे फेल्डनक्राइस यांच्या पद्धतीवर आहे. त्यांचा जन्म १९०४ चा, मृत्यू १९८४ चा. भौतिकशास्त्रात पॅरिसला डॉक्टरेट केलेले आणि ज्युदोचे जाणकार. फुटबॉल खेळताना दुखावलेल्या गुडघ्यामुळे ते स्वतःच्या चालण्याकडे बारकाईने पाहू लागले आणि त्यातून ही शिकवण्याची पद्धत उभी राहिली. वर्गात शिकवणारी व्यक्ती करून दाखवत नाही, फक्त बोलते. नक्कल करायला समोर काही नसलं की माणसाला स्वतःच्या अंगात शोधावं लागतं. हालचाल लहान, हळू, दुखण्याच्या बरीच अलीकडे थांबणारी. अधूनमधून पूर्ण विश्रांती. एका बाजूने केलं की थांबून दोन्ही बाजूंची तुलना.

कमी जोर लावण्यामागे कारण आहे. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दाखवलं की हातात हलकं वजन असेल तर त्यात पडलेली थोडीशी भरही कळते, पण वजन जड असेल तर तेवढीच भर कळत नाही. स्नायूंचंही तसंच आहे. सगळं अंग आवळलेलं असताना एखादी बरगडी हलली की नाही हे कुणालाच कळणार नाही. जोर उतरला की कळायला लागतं, आणि कळलं तरच बदलता येतं.

ज्येष्ठांच्या वर्गासाठी काही गोष्टी मी बदलल्या आहेत. जमिनीवर झोपण्याऐवजी सुरुवात खुर्चीवर, बिनचाकांच्या आणि न घसरणाऱ्या. प्रत्येकाच्या हाताशी भिंत किंवा दुसरी खुर्ची. पार्श्वसंगीत नाही. वयाने ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणून मी आवाज खालच्या पट्टीत ठेवते, वाक्यं छोटी करते आणि चेहरा उजेडाकडे ठेवते. केवळ बोलण्यावर चालणाऱ्या वर्गात मागच्या रांगेतल्या माणसाला निम्मं ऐकू आलं नाही तर तो शेजाऱ्याकडे बघून नक्कल करतो आणि सगळंच वाया जातं. ऐकण्याचं यंत्र असेल तर ते लावूनच यायचं, हे मी पहिल्याच दिवशी सांगते.

काकू वर्गातल्या सगळ्यात मेहनती विद्यार्थिनी ठरल्या, आणि अडचण तीच होती. "ओटीपोट किंचित पुढे कलू द्या" म्हटलं की त्या जमेल तितका बाक काढायच्या. "अर्धं करा" म्हटलं की तीन चतुर्थांश करायच्या. आयुष्यभर मुलांना "नीट बस, पाठ सरळ" सांगितलेल्या बाई, आळस केल्यासारखं वाटायचं त्यांना. पहिले काही वर्ग माझं एकच पालुपद होतं: "जरा कमी करा, काकू." एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "अगं, इतकं कमी केलं तर व्यायाम कसला?" शेजारचे आजोबा म्हणाले, "मला तर आत्ताच कळलं की मी दात चावतोय." काकूंनी जबड्याला हात लावला. त्यांचेही दात आवळलेले होते. त्या दिवसापासून त्यांनी वाद घातला नाही.

उठण्याचा धडा

हा धडा तपशिलात सांगते, कारण प्रकरणाची कलाटणी इथे आहे.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे. बुडाखाली दोन हाडं टेकतात, त्यांच्यावर वजन कुठे जास्त आहे ते पाहायचं. मग त्या हाडांवरून पुढे-मागे अगदी थोडं घरंगळायचं, आणि डोकं त्याबरोबर कुठे जातं ते लक्षात घ्यायचं. नंतर नितंबाच्या सांध्यातून पुढे झुकायचं, पाठ लांबच ठेवून, नाक पायाच्या बोटांच्या दिशेने. झुकताना तळपायाखालचं वजन वाढतं का? टाचेवर की चवड्यावर? परत मागे. विश्रांती. पुन्हा झुकायचं, या वेळी श्वास सोडत. उठायचं नावच काढायचं नाही.

काकूंना या झुकण्याचीच भीती होती. पडल्या त्या पुढेच पडल्या होत्या. म्हणून त्यांच्यासमोर एक खुर्ची ठेवली, पाठ त्यांच्याकडे, कुणाला तरी तिच्यावर बसवलं म्हणजे हलायला नको. हात तिच्या पाठीवर, धरायला नाही, नुसता टेकवायला. कुठल्याही क्षणी थांबून मागे फिरता येईल अशीच हालचाल करायची, हे फेल्डनक्राइस पद्धतीतलं महत्त्वाचं सूत्र. मागे फिरता येत नसेल तर त्या जागी आपण स्वतःला झोकून दिलेलं असतं.

झुकणं चालू असताना मी म्हटलं, "आता ओठ सैल ठेवा आणि समोरच्या माणसाला तुमचा आवडता देश सांगत झुका." काकू बोलत बोलत झुकल्या, आणि बूड खुर्चीवरून चार बोटं वर आलं. त्यांनी ते ठरवलं नव्हतं. त्या तशाच थांबल्या, परत बसल्या, पुन्हा तेवढ्याच उठल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आजवर श्वास धरून बसत होते की! उठताना पण, चालताना पण."

ही गोष्ट मी त्यांना पहिल्या दिवशी सांगू शकले असते. पण "श्वास धरू नका" असं सांगितलेला माणूस दोन मिनिटं आठवणीने श्वास घेतो आणि मग विसरतो. स्वतःला सापडलेली सवय वेगळी असते. पुढच्या आठवड्यात सुनेने सांगितलं की आई न्हाणीघरात जाताना मोठ्याने श्वास सोडतात, ऐकू येतो.

मागे वळून पाहण्याच्या धड्यानेही बराच फरक पडला. उजवीकडे वळून भिंतीवरची एक खूण लक्षात ठेवायची. मग डोकं उजवीकडे नेत डोळे मात्र डावीकडे सोडायचे, दोन-चार वेळा, सावकाश. मग खांदे आणि डोकं उलट दिशांना. मग उजवीकडे वळताना डाव्या बुडावरचं वजन हलकं होऊ द्यायचं. शेवटी पुन्हा साधं वळायचं, आणि नजर खुणेच्या पलीकडे जाते. काहीही ताणलेलं नसतं. मान, फासळ्या आणि ओटीपोट एकमेकांना साथ द्यायला लागतात एवढंच. गरगरण्याचा त्रास असणाऱ्यांना हा धडा मी आधी डोळे मिटून आणि अर्ध्या वेगाने देते. काकूंना तशी गरज पडली नाही.

मध्येच अडलेली गाडी

दुसऱ्या महिन्यात काकू कंबर धरून आल्या. घरी त्यांनी वर्गातली प्रत्येक हालचाल वीस-वीस वेळा केली होती, सकाळ-संध्याकाळ, वही घेऊन. गुण मिळवायचेच अशा जिद्दीने. कंबर आवळली, दोन रात्री झोप नाही, आणि झोपेची गोळी परत सुरू करावी का असा विचार घरात सुरू झाला. डॉक्टरांनी मणका तपासून काही मोडलं नसल्याची खात्री केली.

मी वही बंद करायला सांगितली. घरासाठी फक्त दोन गोष्टी ठेवल्या. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून हाताने रेटत बसायचं, मिनिटभर तसंच बसून घोटे हलवायचे, मग उभं राहायचं. आणि दिवसातून कधीही खुर्चीतून उठताना एकदा तरी अर्ध्यात थांबून परत बसायचं. मोजायचं नाही.

घरच्यांनाही एक धडा दिला. सून काकूंचा दंड घट्ट पकडून चालायची, प्रेमाने. पण दुसऱ्याने दंड ओढला की आपला तोल त्याच्या हातात जातो. म्हणून सुनेने आपलं कोपर पुढे करायचं आणि काकूंनी ते हवं तेवढं धरायचं, हवं तेव्हा सोडायचं. काकूंना हे फार आवडलं. "आता मी हिला धरते, ही मला नाही," असं त्या वर्गात सगळ्यांना सांगत होत्या. रात्री बाथरूमपर्यंतच्या वाटेवर मंद दिवा लागला आणि सुटं पायपुसणं निघालं.

तीन महिन्यांनंतर

उठून चालून परत बसायला १३ सेकंद. ३० सेकंदांत नऊ वेळा उठणं. टाचेला बोटं लावून उभं राहणं ११ सेकंद. भीतीचे गुण २८. चालताना बोललं तर त्या थांबत नाहीत, वेग कमी होतो फक्त. नजर समोर आहे. संध्याकाळी सुनेबरोबर फिरायला जातात आणि परतताना तिचं कोपर सोडतात.

१३ सेकंद म्हणजे धोका अजून टळलेला नाही. नऊ वेळा उठणंही कमीच आहे. जाणीव वाढल्याने वाया जाणारी ताकद वाचली, पण नवी ताकद त्यातून फारशी तयार होत नाही. म्हणून शेवटच्या महिन्यापासून मी काकूंना मांड्या आणि पोटऱ्यांसाठी वजन घेऊन करायचे व्यायाम आणि भिंतीजवळ तोलाचे व्यायाम वेगळे सुरू केले. यात वर्गाचा उपयोग दिसला. आधी व्यायाम म्हटलं की श्वास धरणाऱ्या काकू आता जोर लावताना श्वास सोडतात, त्यामुळे भार पायांवरच येतो.

श्रेयाचं गणित सरळ नाही. गोळी बंद झाली, चष्मा बदलला, रात्री उजेड झाला, शेवटी ताकदीचे व्यायामही आले. एका माणसाच्या प्रकरणात हे वेगळं काढता येत नाही. गोळी आणि चष्मा वर्गाच्या आधी बदलले होते आणि तरी पहिल्या दिवशीचं ताठणं तसंच होतं, इतकं मी पाहिलं. ते सुटलं ते उठण्याच्या धड्यानंतर. माझ्या दृष्टीने वर्गाचा वाटा तेवढा आणि तिथेच आहे.

संशोधनही साधारण हेच सांगतं. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांवरच्या शंभराहून जास्त चाचण्यांच्या २०१९ च्या आढाव्यात (तो कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा) व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, आणि त्यात भर तोलाच्या व उठण्या-चालण्याच्या व्यायामांवर होता. फेल्डनक्राइस पद्धतीच्या २० चाचण्यांचा आढावा २०१५ मध्ये निघाला. त्यात वृद्धांच्या तोलाबाबत निष्कर्ष आशादायक होते, पण चाचण्या लहान आणि त्यांचा दर्जा कमी-जास्त. म्हणून मी कुणालाही ताकदीचा व्यायाम सोडून फक्त या वर्गाला या असं सांगत नाही. पण ज्यांना भीतीपायी व्यायाम सुरूच करता येत नाही, त्यांना आधी इथे बसवते.

नुकतंच पडलेलं आणि अजून तपासणी न झालेलं माणूस, उठल्यावर अंधारी येणारं माणूस, अचानक एका बाजूची ताकद गेलेलं माणूस, यांना मी वर्गात घेत नाही. त्यांनी आधी दवाखाना गाठायचा.

काकूंचा जिना अजून बाकी आहे. चढणं जमतं, उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरतात आणि नजर पुन्हा पायांवर खिळते. येत्या महिन्यात एका पायरीएवढ्या लाकडी ठोकळ्यावरून टाच हळूहळू खाली सोडण्यापासून सुरुवात करणार आहोत. त्याच सुमाराला जमिनीवर उतरणं आणि खुर्चीच्या आधाराने उठणं हेही शिकवायचं आहे, कारण "पडले तर उठता येईल का" हा प्रश्न त्यांनी अजून सोडलेला नाही.